हरकत न नोंदवलेलं घर

"तो डबा खाली ठेव! ठेव म्हणते ना, खाली ठेव!"

आवाज हिचा होता. मी घरामागे पाण्याच्या टाकीवर चढून झाकण बसवत होतो. तो आवाज ऐकून शिडीवरून असा उतरलो की अर्ध्या पायऱ्यांना माझा पाय लागलाच नाही. तीस वर्षांच्या संसारात ही बाई कधी ओरडल्याचं मला आठवत नाही. ती चिडली की गप्प होते, आणि तिचं गप्प होणं एवढं दणदणीत असतं की सिडनीत, ब्लॅकटाउनला, आमच्या खालच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला मला जिन्यात गाठून विचारायचा, "भाईसाब, सब ठीक?" पण त्या दिवशी ती ओरडली. छपरावर बसलेले गुलाबी-करडे काकाकुवे भर्रकन उडाले, ते गव्हाच्या उंच कोठारांपर्यंत, म्हणजे सायलोपर्यंत गेले आणि सायलोच्याही पलीकडे गेले. माझं ऐकाल तर ते अजून परतलेले नाहीत.

मी पुढे आलो. फाटकापाशी शेजारचा शेतकरी उभा होता. शेजारचा म्हणजे चार किलोमीटरवरचा. तिकडे तेवढ्याला शेजार म्हणतात. धिप्पाड माणूस, दार उघडलं की आधी पोट आत यायचं आणि मग थोड्या वेळाने तो यायचा. त्याच्या पायाशी नारिंगी रंगाच्या स्प्रेचा डबा होता, आणि फाटकाजवळच्या जुन्या झाडाच्या बुंध्यावर ओल्या रंगाची मोठी फुली. तोडायच्या झाडावर मारतात तशी. ही त्याच्यासमोर उभी, एका हातात खुरपं. दुसऱ्या हातात काहीच नव्हतं, पण मला भीती त्या दुसऱ्या हाताचीच वाटली. ओरडत होती ती आमच्या वसईकडच्या बोलीत. त्याला एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्याने डबा खाली ठेवला होता.

त्याने टोपी काढली. माणूस वाईट नव्हता, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे. मलाही तो वाईट असता तर बरं झालं असतं.

"लव्ह," तो म्हणाला, तिकडे कुठल्याही बाईला अशीच हाक मारतात, "जागा मी विकत घेतलीय. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

ही माझ्याकडे वळली. "काय म्हणतोय हा?"

तिला इंग्रजी कळलं नव्हतं असं नाही. तिने इथल्या हॉस्पिटलच्या किचनमध्ये अठरा वर्षं काढलीत, शेफला इंग्रजीतून वळणावर आणलंय. पण काही वाक्यं आपल्या माणसाच्या तोंडून खोटी ठरावीत अशी आपली इच्छा असते. मी काही बोललो नाही. मी बोललो नाही, हे तिने माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं असेल.

मुळात मी बोलतो फार. तिखटमीठ लावल्याशिवाय मला साधी वेळसुद्धा सांगता येत नाही. घराची ही गोष्टही मी आजवर पन्नास जणांना पन्नास तऱ्हांनी सांगितलीय, आणि त्यातल्या एकोणपन्नास गोष्टींत दोष दुसऱ्या कोणाचातरी आहे. ही पन्नासावी.

आम्ही ऑस्ट्रेलियात आलो ते चाळिशीच्या उंबरठ्यावर, एक मुलगी आणि चार बॅगा घेऊन. तेव्हापासून भाड्याच्या घरात. घर घ्यायचं नव्हतं असं नाही; आम्ही पैसे जमवत चालत जायचो आणि किमती घोड्यावर बसून पुढे जायच्या. भाड्याचं घर म्हणजे इथे काय असतं ते भाडेकरूच जाणे. दर तीन महिन्यांनी एजंट तपासणीला येतो. विशीतला मुलगा, टोकदार बूट, हातात टॅब्लेट. तो तुमच्या बाथरूमचा फोटो काढतो, कपाटाच्या मागे वाकून बघतो, आणि जाताना पत्र पाठवतो की भिंतीवर हळदीचा डाग आहे. असल्या तपासण्या हिने आयुष्यात शंभर झेलल्या असतील, आणि प्रत्येक वेळी आदल्या दिवशी घर असं घासायची की मला माझ्याच खुर्चीवर बसायची भीती वाटायची.

आणि खिळे. भाड्याच्या भिंतीला विचारल्याशिवाय खिळा मारता येत नाही. हिच्या आईचा फोटो, आमच्या लग्नातला फोटो, येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, हे सगळं वीस वर्षं कपाटावर टेकून उभं होतं. एखाद्या वेटिंग रूममध्ये माणसं बसतात ना, तसं. तिने माझ्याकडे सोनं मागितलं नाही, गाडी मागितली नाही. एकदाच म्हणाली होती, "मला मरायच्या आधी एक भिंत पाहिजे. कोणाला न विचारता खिळा ठोकायला." मी तेव्हा म्हटलं, "भिंत काय घेऊन बसलीस, चीनची भिंत देतो." ती हसली नाही.

मी एकोणसाठ वर्षांचा असताना माझी फॅक्टरी बंद झाली. मेंटेनन्स फिटर होतो. थोडे पैसे हातात आले, आणि ते पुढे धरून आम्ही बँकेत गेलो. समोरची मुलगी आमच्या लेकीपेक्षा लहान. गोड बोलली, नो वरीज म्हणाली, मग विचारलं, "सर, या वयात कर्ज घेताना तुमची एक्झिट स्ट्रॅटेजी काय?" म्हणजे फेडायच्या आधी कमाई थांबली तर काय करणार. मी म्हटलं, "एक्झिटचं सगळं वरचा बघतो, मी नुसता रांगेत आहे." तिने ते टाइप केलं की काय कोण जाणे. कर्ज मिळालं नाही एवढं खरं.

मग मी हंगामी कामाला गेलो. सिडनीपासून सहा तासांवर एक गाव आहे. हिच्या शेजारी बसून गेलं तर सोळा. गव्हाची कापणी सुरू झाली की तिथल्या सायलोवर ट्रक येतात, आणि प्रत्येक ट्रकमधला मूठभर गहू तपासायला माणसं लागतात. गावात माणसं चाळीस, कुत्री सत्तर. माशा एवढ्या की बोलताना तोंड उघडलं की जेवण झालं. एक दुकान, एक पब, महिन्यातून एकदा फादर येतात ते छोटं चर्च, आणि एक बंद पडलेली बँक. त्या दुकानाच्या बोर्डावर एक कागद टाचलेला होता. थरथरत्या अक्षरात चार ओळी.

घर विकणे आहे. हप्ते मालकाला. बँक नको. मूर्ख नको.

चौथ्या ओळीकडे मी दुर्लक्ष केलं.

मालक ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा होता. वाळलेल्या चामड्यासारखा, सस्पेंडर लावलेला, एकटा. बायको गेलेली, मुलगी पर्थला. घर लाकडी फळ्यांचं, पत्र्याचं छप्पर, तीन खोल्या आणि काचा लावून बंद केलेला व्हरांडा. चालताना जमीन अशी बोलायची की घरात चोर शिरला असता तर त्याची तिच्याशी मैत्री झाली असती. म्हाताऱ्याने मला चहा दिला आणि बँकेची गोष्ट सांगितली. साठ वर्षं त्याचं खातं त्या गावच्या बँकेत होतं. शाखा बंद झाली त्या दिवशी तो टाय लावून फुटपाथवर उभा राहिला, निरोप द्यायला. आतून कोणी बाहेर आलंच नाही. मागच्या दाराने गेले. त्या दिवशी त्याने ठरवलं की आपल्या घराच्या व्यवहारात बँकेला पायसुद्धा ठेवू द्यायचा नाही. थोडे पैसे आधी, बाकी दहा वर्षं महिन्याच्या महिन्याला त्याच्या हातात. राहायला आजपासून या. शेवटचा हप्ता दिला की घर तुमच्या नावावर. तोवर कागदावर नाव त्याचं.

मला त्याने एकच गोष्ट विचारली. छपराला गंज चढला तर काय करशील?

मी सुरू झालो. वसईला माझ्या बापाच्या वाडीतल्या सगळ्या छपरांची डागडुजी मी सातव्या वर्षापासून करतोय, असं सांगितलं. एका वादळात आख्ख्या गावाची कौलं उडाली, फक्त आमची राहिली, आणि सरकारी इंजिनीअर बघायला आला, असंही सांगितलं. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. मग तो उठला, शिडी आणून भिंतीला लावली आणि हाताने वर दाखवलं. मी चढलो. वर पत्रा असा तापलेला की त्यावर आंबोळी झाली असती. मी अर्धा तास वर होतो, दोन सैल खिळे बसवून खाली आलो.

"तू खोटारडा आहेस," तो म्हणाला. "पण चढलास." आणि हात पुढे केला.

ब्लॅकटाउनला परत आल्यावर मी लेकीला फोन केला. ती मेलबर्नला, पॉइंट कुकला असते. "डॅड, आर यू सिरियस?" ती म्हणाली. "तिथे डॉक्टर आहे का तरी?" मी म्हटलं, जनावरांचा आहे, तुझी आई त्याला घाबरत नाही. तिने फोन आईकडे द्यायला सांगितलं. आईने फोन घेतला आणि एवढंच विचारलं, "भिंती लाकडाच्या आहेत. खिळा बसेल ना गं?"

आता माझ्या गाढवपणाकडे येतो. इतका वेळ मी त्याच्याभोवती घिरट्या घालतोय हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

घराची कागदपत्रं करायला ब्लॅकटाउनची एक बाई होती, कन्व्हेयन्सर म्हणतात त्यांना. हुशार, चटपटीत. करार झाल्यावर तिने मला समोर बसवून सांगितलं की घर दहा वर्षं म्हाताऱ्याच्या नावावर राहणार, तर तुम्ही कॅव्हेट नोंदवा. म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत एक ओळ घालून घ्या, की या घरात आमचाही हक्क आहे, आमच्यामागे पुढचा कुठलाही व्यवहार नोंदवू नका. एक फॉर्म, एक सही. मग मालकाला पोस्टाने नोटीस जाते, आणि झालं.

ती मजेत सांगत होती, आणि मी मात्र खुर्ची मागे सरकवली. कारण तिने जे सांगितलं त्याला आमच्याकडे एकच शब्द आहे. हरकत.

मी वसईच्या वाडीतला. आमची आणि काकांची घरं भिंतीला भिंत लागून, मध्ये एकच विहीर. विहिरीतल्या हिश्श्यावरून काहीतरी कुरबुर होती, तशी प्रत्येक वाडीत असते. एका सकाळी तलाठ्याकडून नोटीस आली की काकांनी बाबांच्या जमिनीवर हरकत घेतलीय. बाबा ओट्यावर बसून पेज खात होते. कागद वाचला, थाळी बाजूला ठेवली, आणि त्या दिवसापासून दोन भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. सव्वीस वर्षं. एकाच विहिरीवर पाणी काढायचे, एकाच चर्चमध्ये मिस्साला बसायचे, आणि मध्ये हा कागद. बाबा वारले तेव्हा काका चर्चच्या फाटकाबाहेर रस्त्यापलीकडे उभे होते, उन्हात, टोपी हातात घेऊन. आत आले नाहीत. त्यांना कोणी बोलावलं नाही. मीही बोलावलं नाही.

आमच्या घरात हरकत ही शिवी होती. माणूस माणसाला मारतो, लुबाडतो, सगळं चालतं; पण त्याच्या जमिनीवर हरकत घेणं म्हणजे तू माझ्यासाठी मेलास. आणि ती बाई मला सांगत होती की ज्या म्हाताऱ्याने बँकेला दाराबाहेर ठेवून मला हात दिला, त्याच्या पोस्टाच्या पेटीत एका सकाळी मी ती नोटीस टाकावी. मला डोळ्यांसमोर दिसत होतं. तो चहा पीत असेल, कागद उघडेल, आणि कप बाजूला ठेवेल.

मी म्हटलं, बघतो. तिने ईमेल केला. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. तिने दुसरा केला, तिसरा केला. तिसऱ्यात तिने ठळक अक्षरांत लिहिलं की माझ्या सल्ल्याविरुद्ध तुम्ही हे करत नाही आहात, तसं कळवा. मी तसं कळवलं. एका ओळीत. माझ्या हातून लिहिली गेलेली ती सगळ्यात छोटी गोष्ट असेल.

आणि हिला काय सांगितलं? ही त्या नव्या घराच्या स्वयंपाकघरात उभी होती. फोटो अजून खोक्यात होते. तिने विचारलं, तो कागद नोंदवला का, की मग मी हातोडा घेते. तिला कॅव्हेटचं सगळं माहीत होतं. त्या बाईने तिलाही समजावलं होतं, आणि हिला काकांचा राग नव्हता, तिच्या माहेरी भांडायला जमीनच नव्हती. मी म्हटलं, नोंदवला. एवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला. सिडनीच्या त्या ऑफिसात संगमरवरी जिना आहे असं सांगितलं. शिक्का एवढा मोठा की दोन कारकुनांनी उचलून मारला असं सांगितलं. मी आयुष्यात त्या ऑफिसात गेलेलो नाही. हल्ली हे सगळं कॉम्प्युटरवर होतं, शिक्का वगैरे नसतोच. तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि हातोडा घेतला.

अकरा खिळे ठोकले तिने त्या दुपारी. दोन वाकडे गेले, ते काढून पुन्हा ठोकले. मी बाहेर पायरीवर बसून प्रत्येक ठोका ऐकत होतो.

पुढची तीन वर्षं चांगली गेली. हिने मागच्या अंगणात वाल लावले, दुधी लावला, कढीपत्त्याचं झाड ड्रममध्ये लावलं आणि थंडीत त्याला पांघरूण घालून आत आणून ठेवलं. मला त्या थंडीत कधी कोणी पांघरूण घातलं नाही. दुधी एवढे मोठे झाले की एकदा पोलिसाने गाडी थांबवून मागच्या सीटवर कोण झोपलंय विचारलं. बरं, विचारलं नाही. पण बघितलं.

म्हातारा आधी गावातच पबच्या वरच्या खोलीत राहायचा; वर्षभराने तो दीड तासावरच्या डब्बो शहरातल्या एका वृद्धाश्रमात गेला. आम्ही महिन्यातून एकदा, रविवारी, त्याला भेटायला जायचो. ही डबा न्यायची. नाताळात तिने तळलेले मैद्याचे फुगे नेले. त्याने सहा खाल्ले आणि नर्सला सांगितलं की हे त्याच्या आईच्या हातचे आहेत. तेव्हा आम्ही हसलो. मग एका रविवारी त्याने मला विचारलं, "तू त्या घरात भाड्याने आहेस ना?"

त्या दिवशी त्याची मुलगी पर्थहून आली होती. तीच एक वेळ ती मला भेटली. थकलेली बाई, विमानातून उतरून थेट आलेली, बापाचे मोजे घडी करत होती. ही बाहेर वॉशबेसिनवर डबा धुवायला गेली होती. म्हातारा माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत एवढी खात्री होती, की पोरीसमोर त्याला कसं सांगू, बाबा, तुझं डोकं चालत नाही? आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या लेकरासमोर खोटं पाडत नाहीत. म्हणून मी माझ्या पद्धतीने केलं. मी म्हटलं, "हो, भाड्याने. आणि मालक असा राक्षस आहे की विचारू नका." म्हातारा खदाखदा हसला. त्याची मुलगीही हसली. ती माझा हात धरून म्हणाली, बाबांना तुमच्यासारखे भाडेकरू मिळाले, बरं झालं.

मी तिला जिन्यापर्यंत जाऊन सांगू शकलो असतो. लिफ्टमध्ये सांगू शकलो असतो. दुसऱ्या दिवशी फोन करू शकलो असतो. मनात म्हटलं, करार आहे लेखी, त्यात काय एवढं.

लेखी कराराची म्हाताऱ्याकडची प्रत त्याच्या एका बिस्किटाच्या डब्यात होती आणि तो डबा दुसऱ्या बिस्किटाच्या डब्यांमध्ये. मुलीच्या हातात वडिलांच्या सगळ्या व्यवहारांचा अधिकार आला, वृद्धाश्रमाला मोठी रक्कम भरायची वेळ आली, आणि त्याच सुमारास चार किलोमीटरवरच्या शेतकऱ्याने तिला फोन केला की कामगारांना राहायला एखादं घर पाहिजे. तिने नोंद तपासून घेतली. नोंद स्वच्छ होती. एजंट नाही, पाटी नाही, लिलाव नाही. भाडेकरूंना कोण सांगणार? तिला वाटलं शेतकरी सांगेल, शेतकऱ्याला वाटलं ती सांगेल. मला शिडीवरून उतरायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात आमचं घर गेलं होतं. खरं तर सहा आठवड्यांपूर्वीच गेलं होतं, आम्ही त्यात नुसते राहत होतो.

त्या सकाळी मी म्हाताऱ्याच्या मुलीला पर्थला फोन लावला. करार म्हटल्यावर तिने आधी तारीख विचारली. मग म्हणाली, "पण तुम्हीच तर म्हणाला होतात..." आणि रडायला लागली. तीही वाईट नव्हती. या गोष्टीत वाईट माणूस शोधायला मी फार हिंडलोय. आमचे दिलेले सगळे हप्ते परत करते, म्हणाली, आणि पुढे थोडे थोडे करून केलेही. पैसे परत मिळतात. मी हे आता सिडनीजवळ पेनरिथच्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून लिहितोय, आणि भिंतीकडे बघत नाही.

दुपारी आम्ही डब्बोला वकिलाकडे गेलो. हिने कराराची आमची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर धरली होती, वाटेत एकदाही खाली ठेवली नाही. वकील तरुण होता, त्याने सगळं वाचलं, दोनदा मान हलवली, आणि मग कॉम्प्युटरवर नोंद उघडली. तो म्हणाला की करार खरा आहे, सह्या खऱ्या आहेत, पण घर आता त्या शेतकऱ्याच्या नावावर नोंदलं गेलंय, आणि या राज्यात शेवटी नोंद बोलते. कॅव्हेट असता तर ही विक्री नोंदलीच गेली नसती. तो कोणी नोंदवलाच नाही.

"नोंदवलाय," ही म्हणाली. शांतपणे, त्याचीच चूक असल्यासारखं. "पुन्हा बघा."

त्याने पुन्हा बघितलं. स्क्रीन आमच्याकडे वळवली. मी स्क्रीनवरच्या तारखा मोठ्या अभ्यासाने वाचत बसलो.

परत निघालो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. दीड तासाचा रस्ता, दोन्हीकडे कापून झालेले गव्हाचे सड. गाडी सुरू झाली आणि ही बोलायला लागली. एवढी मी तिला कधी बोलताना ऐकलेली नाही. सगळं त्या ब्लॅकटाउनच्या बाईवर. फी घेतली आणि काम केलं नाही. गोड बोलून फसवलं. अशा बायांची तक्रार करतात कुठेतरी, लायसन्स जातं त्यांचं. लेकीला सांगून पत्र लिहून घेऊ. तिचं नुकसान झालं तर झालं, आमचं घर गेलं. आणि मग, थोड्या खालच्या आवाजात, "तुम्ही बिचारे एवढं सिडनीपर्यंत गेलात. त्या जिन्याने चढून."

मी पन्नास किलोमीटर गप्प बसलो. एवढं सोपं होतं. काही बोलायचंच नव्हतं, नुसती गाडी चालवायची होती. ती बाई कुठे येणार होती सांगायला? आणि पत्र लिहिलं असतं तरी तिचे तीन ईमेल निघाले असते ते महिन्यांनी, तोवर मी दुसरं काही रचलं असतं. मला येतं ते. मला तेवढंच येतं.

"ती बाई नाही," मी म्हटलं. "तिने तीनदा सांगितलं. मीच नको म्हटलं. मी कुठल्याच ऑफिसात गेलो नाही."

मग मी काकांचं सांगायला लागलो, बाबांची थाळी, तलाठ्याची नोटीस, जे तिने माझ्या तोंडून हजारदा ऐकलंय. मग म्हाताऱ्याचं, मग वृद्धाश्रमातलं, मालक राक्षस आहे म्हणालो तेही. या वेळी एक अक्षर वाढवून सांगितलं नाही. सांगून झालं तेव्हा सूर्य रस्त्याच्या टोकाला टेकला होता आणि गाडीत फक्त टायरचा आवाज.

"काहीतरी बोल," मी म्हटलं. "शिव्या दे. सकाळी ओरडलीस तशी ओरड माझ्यावर."

ती काचेतून बाहेर बघत होती.

"समोर बघा," ती म्हणाली. "या वेळेला कांगारू येतात रस्त्यावर."